प्रसूतिजन्य बाहुतंत्रिका-इजा : कायदेशीर साहाय्य

प्रसूतीच्या समयी अर्भकाचे मस्तक बाहेर आल्यावर त्याचा खांदा मातेच्या जघनास्थीमागे अडकला, अथवा अन्य कारणाने मानेवर बेताबाहेर ताण पडला, म्हणजे मानेच्या पाचव्या ते आठव्या आणि छातीच्या पहिल्या मज्जातंतुमुळांपासून निघून खांदा, दंड व पंजा यांना चेतना पुरविणाऱ्या जाळ्यास जी इजा पोहोचते, तिच्यापोटी त्या बालकास व त्याच्या मातापित्यांस कायद्याने मागता येणारी दाद व त्या कामी मिळणारे साहाय्य, यांचा विचार या नोंदीत भारतापुरता केला आहे.

फ्रेंच वैद्य दुशेन याने १८७२ साली व जर्मन वैद्य अर्ब याने १८७४ साली वरच्या मुळांच्या इजेचे वर्णन केले, तेव्हापासून ती अर्बच्या नावाने ओळखली जाते. खालच्या मुळांच्या इजेस, १८८५ मध्ये पॅरिसमध्ये वैद्यक शिकत असलेल्या ऑगस्टा क्लुम्पके हिचे नाव मिळाले. घरात मात्र ही नावे फार उशिरा पोहोचतात. बाळाला झबले घालताना एक हात बाहीत आपण होऊन शिरतो आणि दुसरा, कोपरात सरळ, आत वळलेला व मनगटात मागे दुमडलेला, जिथे ठेवावा तिथेच पडून राहतो, हे प्रथम आईच्या किंवा आजीच्या लक्षात येते. दचकल्यावर बाळ एकच हात उचलते. ‘नस दबली आहे, मालिशीने सुटेल’ असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात, आणि बहुसंख्य बालकांच्या बाबतीत काही महिन्यांत हात पुष्कळ सुधारतो, म्हणून त्यांचे म्हणणे खोटेही ठरत नाही. परंतु तिसरा महिना उलटूनही कोपर दुमडत नसेल तर मज्जातंतूंच्या शस्त्रवैद्यास दाखविणे अगत्याचे असते, कारण शस्त्रक्रियेचा उपयोग व्हावयाचा तर तो बहुधा पहिल्या वर्षातच. याच काळात कायद्याची मुदतही निमूटपणे सरत असते.

हात लुळा पडला एवढ्यावरून हलगर्जीपणा शाबीत होत नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. अनेक कुटुंबांचा पहिला भ्रमनिरास येथेच होतो. खांदा अडकणे हा प्रकार बहुतेक वेळा आगाऊ सांगता येत नाही; मातेचा मधुमेह व अर्भकाचे जादा वजन ही त्याची ज्ञात कारणे असली तरी ती नसतानाही तो घडतो. म्हणून न्यायालयापुढे प्रश्न येतो तो खांदा अडकल्यानंतर काय केले याचा. मातेच्या मांड्या पोटावर घट्ट दुमडणे, जघनास्थीच्या वर बेताने दाब देणे, अर्भकाचा मागचा हात अलगद सोडविणे हे मान्य उपाय होत. मस्तक धरून जोराने ओढणे किंवा गर्भाशयाच्या माथ्यावर दाबणे हे नव्हेत, कारण त्याने अडकलेला खांदा अधिकच रुततो. मस्तक किती वाजता आले, खांदे किती मिनिटांनी आले, पुढे कोणता खांदा होता, मदतीस कोणास बोलाविले, कोणता उपाय कोणत्या क्रमाने केला, या गोष्टी केसपेपरवर त्याच वेळी लिहिलेल्या असतील तर डॉक्टरचा बचाव भक्कम होतो. ‘नॉर्मल डिलिव्हरी’ एवढेच दोन शब्द असतील तर तक्रारदाराची बाजू जड होऊ लागते. या दाव्यांत तोंडी साक्षीपेक्षा त्या एका पानाचे वजन अधिक, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ते पान हाती येण्याची तजवीज १९५६ च्या कायद्याखालील वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत आहे. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास कागदपत्रांच्या नकला ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. अर्ज लेखी द्यावा आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. परंतु दप्तर जपण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून अवघे तीन वर्षांचे आहे.

डॉक्टरच्या कर्तव्याचे, म्हणजे वैद्यकव्यवसायातील मान्य प्रघाताचे, माप भारतीय कायद्यात १९५७ च्या इंग्लंडमधील बोलम निवाड्यावरून आले, आणि ते येथे रुजविणाऱ्या खटल्यांपैकी एक महाराष्ट्रातला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर १९५३ मध्ये अपघात होऊन मांडीचे हाड मोडलेला तरुण पुण्यातील रुग्णालयात दगावला. त्यातून उद्भवलेल्या लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये, रुग्ण हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे असे ठरविले. जेकब मॅथ्यू प्रकरणात (२००५) फौजदारी कामासाठी घोर हलगर्जीपणाची अट घातली गेली. त्यामुळे पोलीस ठाण्यात फिर्याद देण्याच्या घाईने या इजेत सहसा काही साधत नाही. वैद्यक परिषदेकडील तक्रारीने डॉक्टरवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, पैसा मिळत नाही.

आगाऊ सूचना देण्याच्या कर्तव्याबाबत मात्र ब्रिटन आणि भारत यांच्या वाटा फुटल्या आहेत. स्कॉटलंडमधील मधुमेही मातेस, खांदा अडकण्याचा धोका नऊ-दहा टक्के असताना, तो सांगण्यात आला नाही. बाळ बारा मिनिटे अडकून पडले व त्याच्या बाहूबरोबर मेंदूसही इजा झाली. त्या माँटगोमेरी प्रकरणात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरविले की, सुज्ञ रुग्णास जे महत्त्वाचे वाटेल ते त्यास सांगितलेच पाहिजे. आपल्याकडे समीरा कोहली प्रकरणात (२००८) संमतीसाठी पुरेशी माहिती देणे आवश्यक मानले गेले खरे, पण माप वैद्यकव्यवसायातील मान्य प्रघाताचेच राहिले.

नुकसानभरपाईसाठी सर्वांत वापरातला मार्ग ग्राहक आयोगाचा होय. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे १९९५ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता निवाड्याने पक्के झाले. सर्वांस सर्वस्वी मोफत सेवा देणारे रुग्णालय तेवढे त्यातून वगळले गेले. २०१९ च्या कायद्याप्रमाणे अधिकारक्षेत्र मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, दिलेल्या मोबदल्यावरून ठरते. म्हणून बाळंतपणाचे बिल काही हजारांचे असले की मागणी कोटीची असली तरी प्रकरण जिल्हा आयोगापुढेच चालते, व मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास फी लागत नाही. तक्रारदार जेथे राहतो तेथेही तक्रार दाखल करता येते, ही तरतूद आपल्याकडे विशेष उपयोगी आहे. पहिले बाळंतपण माहेरी साताऱ्यास झाले आणि संसार ठाण्यास असला, तर तारखांसाठी तान्ह्या बाळासह घाट चढण्याचे कारण उरत नाही. स्प्रिंग मेडोज प्रकरणात (१९९८) बालक व मातापिता दोघेही ग्राहक असून दोघांसही स्वतंत्र भरपाई मिळू शकते असे ठरले.

सर्वांस मोफत सेवा देणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध दिवाणी दावा अथवा उच्च न्यायालयात रिट अर्ज हा मार्ग राहतो. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये प्रसूतीनंतरच्या संततिनियमन शस्त्रक्रियेत पोटात टॉवेल राहून स्त्रीचा मृत्यू झाला होता. अच्युतराव खोडवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सरकारी नोकरांच्या हलगर्जीपणाची जबाबदारी राज्यावर टाकली व ३६,००० रुपयांचा हुकूमनामा पुन्हा कायम केला. घटना आणि अखेरचा निकाल यांत तेहतीस वर्षांचे अंतर आहे.

मुदतीचा हिशेब नाजूक आहे. ग्राहक आयोगात ती दोन वर्षांची असून सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो. दिवाणी दाव्यात १९६३ च्या मुदत कायद्याच्या सहाव्या कलमाने अज्ञान बालकाचा हक्क राखून ठेवला आहे. वादमित्राने, म्हणजे बालकाच्या वतीने दावा लावणाऱ्या व्यक्तीने, आज दावा केला नाही तरी बालक सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत तो स्वतः करू शकतो. ही सवलत मातापित्यांच्या स्वतःच्या मागणीस नाही. शिवाय एकवीस वर्षांचा तरुण दावा घेऊन उभा राहील तेव्हा ज्या पानावर सारे अवलंबून आहे ते रद्दीत जाऊन दीड तप उलटलेले असेल. कायद्याने बालकास उदार मुदत दिली आणि दप्तरास तुटपुंजी, ही विसंगती दूर झालेली नाही.

वकिलाच्या खर्चाची धास्ती पुष्कळांस माघार घ्यावयास लावते, ती अज्ञानापोटी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमाखाली स्त्री व बालक यांस उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवेचा हक्क आहे. म्हणजे या प्रकरणात आई व बाळ दोघेही पात्र ठरतात. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य असले पाहिजे, एवढीच अट. तालुका न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर चौकशी करावी. वकील मिळतो, कोर्ट फी व नकलांचा खर्चही भागतो. अडते ते तज्ज्ञाच्या मतापाशी. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची साक्ष हवीच असे नाही, हे किशनराव प्रकरणात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले असले, तरी मज्जातंतू ताणला कशाने गेला हे साध्या डोळ्यांस दिसत नसल्यामुळे या इजेत तशा मताशिवाय क्वचितच भागते, आणि समव्यवसायीविरुद्ध लिहून द्यावयास डॉक्टर सहजी राजी होत नाहीत.

भरपाईची आकारणी करताना झालेला खर्च, पुढील शस्त्रक्रिया व व्यायामोपचार, वेदना आणि मोठेपणी घटणारी कमाई ही धरली जातात. कृष्णकुमार प्रकरणात (२०१५) अकाली जन्मलेल्या व अंधत्व आलेल्या मुलीस सुमारे १ कोटी ८० लाख रुपये देताना न्यायालयाने भविष्यातील महागाईही हिशेबात घेतली. अज्ञानाच्या वाट्याची रक्कम बहुधा त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत ठेवून व्याज उपचारासाठी पालकांस काढू दिले जाते. दरम्यान अपंगत्व चाळीस टक्के भरल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील सवलती मिळतात, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हास्तरीय केंद्रात व्यायामोपचार मोफत होतात. तेथे दर भेटीस कार्डावर पडणारी नोंद, हात किती अंश उचलला गेला या आकड्यासह, पुढे आयोगापुढे पुरावा म्हणून दाखल करता येते.