अहवाल कोणाकडे जातो?

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुणाने विचारलं, 'सर, क्रीडा मानसशास्त्रात करिअर करायचंय, वाट कोणती?' अभ्यासक्रमाची माहिती विद्यापीठात मिळेल. माझा विषय तत्त्वज्ञान. मी आपला या वाटेवर अगदी सुरुवातीला चाललेल्या एका माणसाची हकिकत सांगतो.

कोलमन ग्रिफिथ हे अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. सुरुवात केली पांढऱ्या उंदरांपासून. गरगर फिरवल्यावर उंदीर तोल कसा सावरतो, हा अभ्यासाचा विषय. मग ते खेळाडूंकडे वळले. १९२५ मध्ये विद्यापीठाने त्यांच्यासाठी प्रयोगशाळा काढली. १९२६ मध्ये प्रशिक्षणाच्या मानसशास्त्रावर आणि १९२८ मध्ये खेळाडूंच्या मानसशास्त्रावर त्यांची पुस्तकं आली. पण मंदीचे दिवस. १९३२ मध्ये प्रयोगशाळेला कुलूप लागलं.

पुढे १९३८ मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाचे मालक फिलिप रिग्ली यांनी त्यांना नेमलं. रिग्ली म्हणजे ते च्युइंगगमवाले, बरं का! ग्रिफिथ खेळाडूंचं निरीक्षण करत आणि अहवाल पाठवत थेट मालकांना. सराव सामन्यासारखाच व्हावा, हे त्यांचं म्हणणं आज कोणालाही पटेल. तेव्हाचे मॅनेजर चार्ली ग्रिम यांनी मात्र साथ दिली नाही. ग्रिम त्याच हंगामात गेले, नवे मॅनेजर आले, तरी ग्रिफिथ यांचं बस्तान काही बसलं नाही. दोनेक वर्षांत ते काम संपलं आणि पुढचं आयुष्य विद्यापीठाच्या कारभारात गेलं.

आता सांगा, चूक कोणाची? ग्रिम यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. पण खेळाडूच्या जागी उभे राहा. समोरचा माणूस वहीत काहीतरी लिहितोय आणि ती वही आपला पगार ठरवणाऱ्याकडे जाणार आहे. त्याच्यापाशी 'मला भीती वाटते' असं कोण बोलेल?

आपल्याकडे २००८ मध्ये भारतीय क्रिकेट संघासोबत मानसिक तयारीसाठी पॅडी अप्टन आले. ते मूळचे दक्षिण आफ्रिकेच्या संघाचे फिटनेस ट्रेनर. २०११ चा वानखेडेवरचा विजय आपल्याला आठवतो. त्या वेळी ते संघासोबत होते. म्हणजे कोणी प्रयोगशाळेतून येतो, कोणी व्यायामशाळेतून. वाटा अनेक आहेत.

म्हणून त्या तरुणाला एवढंच सांगेन. पदवी घे, अनुभव घे; पण नोकरीच्या पहिल्या दिवशी एक प्रश्न जरूर विचार. 'खेळाडू मला जे सांगेल, ते कोणाकोणाला कळणार?' उत्तर पटलं नाही, तर ते खेळाडूला आधीच सांगून ठेव.