भिंतीवरची चित्रं कागदावर कशी आली



गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. पणत्या रंगवायच्या, कापडी पिशव्यांवर नक्षी काढायची, अंगणवाडीच्या भिंती रंगवायच्या, अशी कामं येतात, पण "आम्हाला कुठं चित्र काढता येतंय?" म्हणून बाया मागं सरतात. आज या प्रश्नाचं उत्तर इतिहासात शोधू या. आपल्यासारख्याच बायांनी, आपल्यासारख्याच दुष्काळात, हातात ब्रश कसा धरला, आणि त्यातून नवशिक्या बाईनं काय घ्यावं, हे सांगते.

आधी आपलंच बघा. उंबऱ्यापुढं सडा पडला की ठिपक्यांची रांगोळी कोण काढतं? नागपंचमीला पाटावर गंधानं नाग कोण काढतं? चैत्रात गौरीपुढं चैत्रांगण कोण रेखतं? बेंदराला बैलाची शिंगं रंगवायची तर रंग कोण कालवून देतं? हे सगळं करणारी बाई "मला चित्र येत नाही" म्हणते, कारण चित्र म्हणजे कागद, चौकट आणि खाली कुणाची तरी सही, असं आपल्या मनात बसलेलं आहे. अंगणातलं चित्र संध्याकाळपर्यंत पुसून जातं, म्हणून त्याला कुणी चित्र म्हणत नाही.

असंच बिहारमध्ये होतं. तिथं मिथिला म्हणून भाग आहे, मधुबनी-दरभंग्याकडचा. तिथल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या लग्नघरात भिंती रंगवायच्या. नवरा-नवरीच्या खोलीला तिकडं कोहबर म्हणतात. त्या खोलीच्या भिंतीवर कमळ, बांबू, मासे, पोपट, देवदेवता काढायच्या. आई काढायची, लेक बघायची, मग लेक सासरी जाऊन काढायची. बाहेरच्या जगाला याचा पत्ताच नव्हता, कारण चित्रं घराच्या आत होती. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. घरं पडली, भिंती उघड्या पडल्या. पाहणीला फिरणाऱ्या विल्यम आर्चर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला त्या मोडक्या भिंतींवर चित्रं दिसली. त्यानं फोटो काढले आणि पुढं १९४९ साली मुंबईहून निघणाऱ्या 'मार्ग' मासिकात त्यावर लेख लिहिला. पण त्यानं बायांच्या चुलीला काही फरक पडला नाही.

फरक पडला तो दुष्काळात. १९६६-६७ साली बिहारमध्ये पाऊस गेला, अन्नाची टंचाई झाली. हस्तकलांच्या कामात असलेल्या पुपुल जयकर यांनी तेव्हा मुंबईच्या एका चित्रकाराला मधुबनीकडं पाठवलं. त्यांचं नाव भास्कर कुलकर्णी. मराठी माणूस. त्यांनी बायांना कागद दिला आणि सांगितलं, भिंतीवर काढता तेच यावर काढा. चित्रं विकली जाऊ लागली आणि बायांच्या हातात पैसे आले.

आपल्याला हे लगेच समजेल. १९७२ चा दुष्काळ आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांना अजून आठवतो. खडी फोडायची, बांध घालायचे, मस्टरवर अंगठा उठवायचा. मागेल त्याला काम या रोजगार हमीचा विचार मांडणारे वि. स. पागे हे आपल्या शेजारच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. आपल्या बायांनी त्या काळात दगड फोडून घर चालवलं. मिथिलेच्या बायांनी दुष्काळात कष्टांबरोबर आपली रेघही बाजारात आणली.

त्यातल्या काहींची नावं सांगते, कारण नावं महत्त्वाची आहेत. जितवारपूर गावच्या जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली. त्याच गावच्या सीता देवींना १९८१ साली. गंगा देवींना १९८४ साली. गंगा देवींना नवऱ्यानं टाकलं होतं, दुसरं लग्न केलं होतं. बारीक बारीक रेघांनी चित्र भरायची त्यांची पद्धत. पुढं त्या परदेशात गेल्या तर तिथं पाहिलेलं त्यांनी आपल्याच पद्धतीनं काढलं. कॅन्सर झाला तर दवाखाना, डॉक्टर आणि स्वतःचा आजारसुद्धा त्यांनी चित्रात काढला.

आता आपल्या महाराष्ट्रात या. पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीकडं, वारली समाज आहे. तिथंही लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहितात. हो, ते "लिहितात" म्हणतात. चौकात पालघट देवी असते. तो लिहिण्याचा मान सवाष्णींचा, आणि लग्नाची गाणी म्हणून विधी करणारी ती धवलेरी, तीही बाईच. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी तिथंही कागद घेऊन गेले. तिथं पुढं आले ते जिव्या सोमा म्हसे. लहानपणी आई गेली, पोर बोलायचं थांबलं आणि मातीत रेघा ओढून मनातलं सांगू लागलं, असं त्यांच्याबद्दल सांगतात. बायांची ही कला त्यांनी लग्नापुरती न ठेवता रोज काढली. चौकाबाहेर पडून शेत, मासेमारी, तारप्याचा नाच, सगळं काढलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले.

म्हसे मोठे कलावंत, त्यात वादच नाही. पण मैत्रिणींनो, एक गोष्ट ध्यानात घ्या. मिथिलेत बायांनी कागद घेतला, त्यांची नावं जगाला कळली. वारली चौक पिढ्यान्‌पिढ्या लिहिणाऱ्या सवाष्णींची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत. काम सारखंच, एकीकडं नाव राहिलं, दुसरीकडं भिंत पुन्हा सारवली की नावही गेलं. म्हणून पहिला सल्ला चित्र शिकायच्या आधीच देते. चित्र लहान असो, मोठं असो, खाली स्वतःचं नाव आणि तारीख घाला. गटाचं नाव घातलंत तरी कोपऱ्यात काढणारीचं नाव असू द्या.

आता शिकायचं कसं, ते बघू. या बायांकडून पाच गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, सामान थोडं ठेवा. वारली चित्रात जमीन गेरूची नाहीतर शेणामातीची, आणि रेघ तांदळाच्या पिठाची, पांढरी. दोनच रंग. मिथिलेत काजळीत शेण कालवून काळा करत, हळदीचा पिवळा करत. ब्रश म्हणजे बांबूची काडी. वारली बाया तिचं टोक चावून मऊ करत, मिथिलेत काडीला कापूस गुंडाळत. नवशिकीनं बारा रंगांचा डबा आणला की रंग कुठला घ्यावा यातच दिवस जातो. दोन रंगांत सगळं लक्ष रेघेवर राहतं.

घरी करून बघा. काव रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी जुन्या सुती कापडातून गाळा. बाभळीचा डिंक वेगळा भिजवून, गाळून, त्यातला थोडा कावेत घाला. पुठ्ठ्यावर किंवा जाड मांजरपाटावर पातळ हात द्या, वाळू द्या, मग दुसरा हात द्या. तांदूळ चार-पाच तास भिजवून पाट्यावर गंधासारखे बारीक वाटा, गाळा आणि त्यातही डिंकाचं पाणी घाला. वाळल्यावर बोट फिरवा. रंग बोटाला आला तर डिंक कमी पडला. रंग तडकला, चमकला तर डिंक जास्त झाला. तांदळाच्या पिठाला पुढं किडे-मुंग्या लागतात, म्हणून सरावाला हे चालेल. विकायच्या वस्तूवर पांढरा अ‍ॅक्रेलिक रंग वापरा. भिंतीला चुना वापरणार असाल तर डोळे जपा आणि पोरांना लांब ठेवा.

दुसरी गोष्ट, आधी रेघ, मग चित्र. पहिला आठवडा फक्त रेघा ओढा. जुन्या वर्तमानपत्रावर, पाटीवर, अंगणात. आडव्या, उभ्या, गोल. मनगट कागदाला टेकवून ओढलेली लांब रेघ थरथरते. अख्खा हात खांद्यापासून फिरवला की सरळ जाते. रांगोळी सोडताना तुम्ही हेच करता. दुसरा आठवडा गोल, त्रिकोण, चौकोन. तिसऱ्या आठवड्यात माणूस. वारली माणूस सोपा आहे. एक त्रिकोण टोक खाली, दुसरा टोक वर, दोन्ही टोकं मध्ये मिळाली की कंबर झाली. वर गोल डोकं, बाई असेल तर मागं अंबाड्याचा छोटा गोल. हातपाय म्हणजे रेघा. आता वरचा त्रिकोण थोडा कलवा, की माणूस वाकला, खुरपू लागला. सरळ केला की उभा राहिला. चौथ्या आठवड्यात अशी पाच-सहा माणसं मिळून एकच प्रसंग काढा. रोज अर्धा तास पुरे. आठवड्यातून एकदा चार तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास हाताला जास्त वळण लावतो.

तिसरी गोष्ट, कड आधी. चौक असो की कोहबर, जागेला कुंपण घातलेलं असतं. कागदाला आधी चौफेर नक्षीची किनार काढा. हात तापतो, भीती जाते, आणि आत किती जागा आहे ते कळतं. मग सगळ्यात मोठी आकृती मध्ये, लहान भोवती. मिथिलेतल्या बाया आकृतीची कड दुहेरी काढतात आणि दोन रेघांमधली फट बारीक आडव्या रेघांनी भरतात. त्यात एखादी रेघ वाकडी गेली तरी खपून जाते. नवशिकीला ही फार सोयीची युक्ती.

चौथी गोष्ट, भरपूर बघा. लेक आईचा हात बघून शिकली. आपण थोरांची चित्रं बघून शिकू. विट्याच्या पुढं खटाव तालुक्यात औंध आहे. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. रामायणावर त्यांनी स्वतः चित्रं काढली. त्यांचं श्री भवानी संग्रहालय यमाईच्या डोंगरावर १९३८ सालापासून आहे. आपल्या शेजारचं आटपाडीही त्यांच्याच संस्थानात होतं. गटाची सहल यमाईच्या दर्शनाला जातेच, तर संग्रहालयालाही वेळ ठेवा. प्रत्येकीनं एकच चित्र निवडून त्यापुढं दहा मिनिटं उभं राहावं. उजेड कुठून आलाय, लुगड्याची चुणी कशी पडलीय, हात कसे काढलेत ते बघावं. घरी येऊन आठवणीतून वहीत उतरवावं.

पाचवी गोष्ट, नक्कल सरावापुरती करा. हात बसेपर्यंत वारली आकृत्या जरूर गिरवा. पण त्या विकताना "वारली चित्र" म्हणून विकू नका. ती त्या समाजाची ओळख आहे आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. आपण पैठणीच्या नावाखाली दुसरं लुगडं घेतलं तर चिडतो, तसंच हे आहे. वारली बाईनं तारपा काढला, कारण तो तिच्या पाड्यावर वाजतो. आपल्याकडं काय आहे? द्राक्षाचे मांडव आहेत, बेदाण्याची शेडं आहेत, मेंढरांमागं चालणारं धनगराचं कुटुंब आहे, बेंदराचे बैल आहेत, अग्रणी नदी आहे, म्हैसाळच्या योजनेचं पाणी शिवारात आलं तो दिवस आहे. टँकरपुढची घागरींची रांगही आहे. गंगा देवींनी दवाखाना काढला, मग आपण टँकर का काढू नये? दुसऱ्या कुठल्या गावच्या बाईला तो आपल्यासारखा काढता येणार नाही.

शेवटी पैशाचं बोलू. चित्राची किंमत ठरवताना बाया फक्त रंग-कापडाचा खर्च धरतात आणि स्वतःचा वेळ फुकट देतात. वहीत दोन रकाने करा. एकात सामानाचा खर्च, दुसऱ्यात लागलेले तास. एका पिशवीला अर्धा दिवस गेला तर द्राक्षबागेत अर्ध्या दिवसाची जी मजुरी मिळते ती आधी धरा, मग सामान, मग वर थोडा नफा. एवढी किंमत येत नसेल तर नक्षी कमी करा. मजुरी कमी करू नका.

या आठवड्यासाठी एवढंच करा. काव भिजत घाला, एक पुठ्ठा रंगवून ठेवा, आणि रोज अर्धा तास रेघ ओढा. महिन्यानं गटाच्या बैठकीला प्रत्येकीनं एक चित्र आणा आणि भिंतीला लावा. खाली नाव घालायला विसरू नका. येते मी, रामराम.