बेंगकुलू: मिरीच्या बंदराचा इतिहास आणि पुराव्यांचा प्रश्न



आज एक शहर घेऊ या. नकाशात सुमात्रा बेट शोधा. त्याचा एक लांबच लांब किनारा हिंदी महासागराकडे तोंड करून आहे. त्या किनाऱ्याच्या दक्षिण भागात बेंगकुलू दिसेल. इंग्रजांच्या जुन्या कागदांत हेच नाव 'बेनकूलन' असं येतं. आज ही इंडोनेशियातल्या बेंगकुलू प्रांताची राजधानी आहे, पण परदेशी पर्यटक इकडे फारसे वळत नाहीत.

मग हे शहर इथे कशाला? कारण त्याच्या इतिहासाचे पुरावे अगदी वेगवेगळ्या जागी आहेत: दगडात, कागदात, सणात, एका फुलाच्या नावात आणि समुद्रातल्या प्रवाळात. प्रत्येक पुराव्याने वेगळ्याच माणसांची आठवण जपली आहे. पीएचडीला सुरुवात करण्याआधी हा फरक एकदा नीट कळला, तर पुढे खूप उपयोग होतो.

दगड: किल्ला आणि घुमट

डचांच्या दबावामुळे इंग्रजांना १६८२ मध्ये जावातलं बांतेन बंदर सोडावं लागलं. मिरी तर हवीच होती. म्हणून ईस्ट इंडिया कंपनी १६८५ मध्ये बेंगकुलूला आली. आधी यॉर्क नावाचा किल्ला झाला. मग १७१४ ते १७१९ या काळात जवळच मार्लबरो किल्ला बांधला गेला. तो आजही समुद्राकाठी उभा आहे. वरून पाहिलं तर कासवासारखा दिसतो. नाव एका इंग्रज ड्यूकचं, ज्याचा सुमात्राशी काही संबंध नव्हता. दाराशी इंग्रज अधिकाऱ्यांच्या थडग्यांचे कोरीव दगड आहेत.

किल्ला पाहून वाटतं, इंग्रजांचा इथे केवढा दरारा असेल! पण किल्ला होतो न होतो तोच, १७१९ मध्ये, स्थानिक लोकांनी उठाव केला आणि इंग्रजांना शहर सोडून पळावं लागलं. ते काही वर्षांनी परतले. दगड हे सांगत नाही.

मिरी पिकवणाऱ्यांची थडगी किल्ल्यात नाहीत. त्यांची माहिती मिळते विल्यम मार्सडेनच्या सुमात्राच्या इतिहासात. मार्सडेन १७७१ ते १७७९ या काळात कंपनीच्या नोकरीत इथे होता आणि त्याचं पुस्तक १७८३ मध्ये आलं. त्यात मिरीच्या सक्तीचा हिशोब आहे: लग्न झालेल्या पुरुषाने १००० वेल लावायचे, अविवाहिताने ५००. भाव ठरवणार कंपनी. म्हणजे शेतकरी कागदावर आला, पण आकडा म्हणून. त्याचं नाव नाही.

किल्ल्याजवळच घुमटाची एक इमारत आहे, पार स्मारक. थॉमस पार हा इथला इंग्रज रेसिडेंट. त्याने लोकांवर कॉफी लावण्याची सक्ती केली आणि कंपनीच्या पदरी असलेल्या बुगीस सैनिकांनाही दुखावलं. डिसेंबर १८०७ मध्ये त्याच्या राहत्या घरात शिरून त्याला मारण्यात आलं. बदला म्हणून इंग्रजांनी गावं जाळली. पारचं स्मारक उभं राहिलं. जळलेल्या गावांचं नाही. एकच घटना, पण दगड फक्त एका बाजूला मिळाला.

कागद: जळालेला आणि टिकलेला

सिंगापूरमुळे आपल्याला माहीत असलेला स्टॅमफर्ड रॅफल्स १८१८ ते १८२४ या काळात बेंगकुलूचा लेफ्टनंट गव्हर्नर होता. १८१९ मध्ये सिंगापूरचा करार त्याने केला तेव्हाही त्याचं पद इथलंच होतं. या गावाने त्याला फार दुःख दिलं. १८२१-२२ मध्ये सहा-सात महिन्यांत त्याची तीन मुलं गेली आणि पुढच्याच वर्षी, १८२३ मध्ये, आणखी एक.

शेवटी २ फेब्रुवारी १८२४ ला तो 'फेम' नावाच्या जहाजाने निघाला. त्याच रात्री जहाजाला आग लागली. माणसं वाचली. पण सुमात्राचे नकाशे, हस्तलिखितं, प्राण्या-वनस्पतींची हजारो चित्रं, गोळा केलेले नमुने, सगळं गेलं. आज आपण 'त्या काळाबद्दल अमुक माहिती मिळत नाही' असं लिहितो, तेव्हा लक्षात ठेवा की न मिळण्यालाही कारण असतं. कधी कोणी लिहिलेलंच नसतं. कधी लिहिलेलं असतं, पण जळालेलं असतं. या दोन गोष्टी प्रबंधात एकाच वाक्यात घालू नका.

आगीनंतर दीड महिन्याच्या आत, १७ मार्च १८२४ ला, लंडनमध्ये इंग्रज-डच तह झाला. बेंगकुलू डचांना गेलं आणि मलाक्का इंग्रजांना मिळालं. भारतातल्या उरलेल्या वखारीही डचांनी त्याच तहात सोडल्या. जवळजवळ १४० वर्षं इंग्रजांकडे असलेलं गाव एका कागदावर बदललं. गावाला कोणी विचारलं नाही.

सण: शिपाई आणि ढोल

आता आपल्या जवळचा धागा. किल्ल्याच्या कामाला आणि पहाऱ्याला कंपनीने भारतातून माणसं आणली. १७८७ पासून भारतातल्या कैद्यांनाही इथे काळ्या पाण्यावर पाठवलं जाऊ लागलं. अंदमान बेटांवरच्या कैदखान्याचं नाव आपण शाळेपासून ऐकतो, पण बेंगकुलू त्याच्या आधीचं. तह झाल्यावर एप्रिल १८२५ मध्ये मद्रास आणि बंगालकडचे हे कैदी सिंगापूरला हलवले गेले. तिथले रस्ते आणि इमारती बांधणाऱ्यांत ते होते. सिंगापुरात आजही बेनकूलन स्ट्रीट आहे. रस्त्याला गावाचं नाव मिळालं, माणसांचं नाही.

सगळे मात्र गेले नाहीत. बेंगकुलूत दरवर्षी मोहरमच्या १ ते १० तारखेला 'ताबोत' साजरा होतो. इमाम हुसेन यांच्या स्मरणार्थ उंच, रंगीत मनोरे काढतात. शब्द ओळखला असेलच: महाराष्ट्रात मोहरमला निघतात ते ताबूत. ही प्रथा भारतातून आलेल्या माणसांनी रुजवली, असं तिथे मानतात. ती चालवणाऱ्या घराण्यांना 'सिपाई' म्हणतात, आणि मिरवणुकीत वाजतो तो मोठा 'दोल'. सिपाई म्हणजे आपला शिपाई. दोल हा आपला ढोल असावा, हे कोणालाही सुचेल. तरीही एक सावधगिरी. शब्द सारखा दिसला म्हणून माणूस कुठल्या गावचा हे सिद्ध होत नाही. सण सांगतो की ही माणसं आली आणि राहिली. कोण, कधी, कुठून, याला दुसरा पुरावा लागतो.

फूल: शोध कोणाचा?

मे १८१८ मध्ये रॅफल्स बेंगकुलूच्या दक्षिणेला मान्ना नदीच्या खोऱ्यात फिरायला गेला. सोबत डॉक्टर आणि निसर्ग-अभ्यासक जोसेफ अर्नोल्ड होता. जंगलात एक मलय नोकर धावत आला आणि त्याने अर्नोल्डला एक फूल दाखवलं. जवळजवळ एक यार्ड रुंद, वजन १५ पौंड. पान नाही, खोड नाही. हे परजीवी एका वेलीवर वाढतं. अर्नोल्ड त्याच वर्षी तापाने पाडांगला वारला. १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउनने लंडनच्या लिनियन सोसायटीत त्यावर निबंध वाचला आणि नाव पडलं राफ्लेसिया अर्नोल्डी.

दोन्ही साहेब नावात आले. ज्याने फूल पाहिलं, तो फक्त 'नोकर' म्हणून उरला. आणि हे आपल्याला कशावरून कळतं? अर्नोल्डच्याच पत्रावरून. त्याने ती ओळ गाळली असती तर तेवढंही कळलं नसतं. तेव्हा मूळ पत्रं वाचायचा कंटाळा करू नका. संदर्भातून संदर्भ उचलत गेलात, तर अशा ओळी वाटेतच गळतात. फुलाला स्थानिक नावंही होती. त्यातल्या एकाचा अर्थ रॅफल्सच्या बाजूच्या लोकांनी 'सैतानाचा पानाचा डबा' असा नोंदवला आहे. म्हणजे लोकांना ते फूल चांगलंच माहीत होतं.

प्रवाळ: ज्याला लिहिता येत नाही

माझं शिक्षण विज्ञानाचं, त्यामुळे हा भाग मला सर्वांत आवडतो. या किनाऱ्यासमोर समुद्रतळाचं भूपट्ट सुमात्राखाली सरकतं. भूकंप ठरलेलेच. अगदी अलीकडचे म्हणजे ४ जून २००० चा ७.९ आणि १२ सप्टेंबर २००७ चा ८.४ तीव्रतेचा.

बेंगकुलूच्या वायव्येला मेंतावाई बेटं आहेत. तिथले काही प्रवाळ भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाढतात. ओहोटीच्या सर्वांत खालच्या पातळीच्या वर ते जगत नाहीत. भूकंपात जमीन उचलली गेली की वरचा भाग मरतो. जमीन हळूहळू खचली की प्रवाळ पुन्हा वर वाढतो. झाडासारखे वार्षिक थर असतात, आणि युरेनियम-थोरियम पद्धतीने त्यांचं वय काढता येतं. अशा प्रवाळांवरून १७९७ आणि १८३३ च्या प्रचंड भूकंपांत जमीन किती उचलली गेली हे मोजता आलं. तारीख मात्र कागदाने दिली: २५ नोव्हेंबर १८३३. प्रवाळाला दिवस सांगता येत नाही आणि कागदाला उंची. दोघं मिळून भूकंप पूर्ण होतो, आणि पुढचा कुठे होऊ शकतो याचा अंदाज त्यावरच उभा राहतो. किनाऱ्यावरच्या लाखो लोकांसाठी ही पुस्तकी गोष्ट नाही.

आजचं गाव

आज किल्ल्यापासून थोड्या अंतरावर पांतय पांजांग, म्हणजे 'लांब किनारा', आहे. शहरालगत देंदाम ताक सुदाह नावाचं तळं आहे. अर्थ 'न संपलेलं वैर'. डचांनी सुकार्नोंना १९३८ मध्ये इथे नजरकैदेत ठेवलं. ते १९४२ पर्यंत इथे होते आणि ते घर आजही दाखवतात. इथेच त्यांना फातमावती भेटल्या. १७ ऑगस्ट १९४५ ला फडकलेला ध्वज त्यांनी शिवला होता. आज शहराच्या विमानतळाला त्यांचं नाव आहे.

आता तुमच्या विषयाकडे वळा. विषय इतिहासाचा असो की प्रयोगशाळेतला, हातातल्या प्रत्येक पुराव्याला तीन प्रश्न विचारा. हे कोणी नोंदवलं? कशासाठी? आणि त्या वेळी तिथे हजर असूनही नोंदीत कोण नाही? उत्तरं वहीत लिहून ठेवा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका पुराव्यात मिळालं नाही, तर दुसऱ्या प्रकारचा पुरावा शोधायला लागा. साहित्याचा आढावा तिथूनच खरा सुरू होतो.