डोळ्यातला उपसा

तासगावच्या द्राक्षबागेत ठिबकच्या लाइनीला मध्येच कंबर आवळल्यासारखा एक प्लास्टिकचा तुकडा बसवलेला दिसतो. बागायतदार त्याला व्हेंचुरी म्हणतात. अरुंद गळ्यातून जाताना पाणी वेग घेतं, तिथला दाब पडतो आणि शेजारच्या बादलीतलं विरघळलेलं खत आपसूक आत ओढलं जातं. याच बागायतदारानं आईला मोतीबिंदूसाठी मिरजेला नेलं, तर तिथल्या यंत्राच्या पोटातही व्हेंचुरी निघू शकते. नाहीतर दुसऱ्याच घराण्यातला पंप निघेल. डोळ्यातलं पाणी उपसण्याचा मान या दोन घराण्यांत वाटला गेला आहे, आणि त्यांची कुळं एकमेकांपासून फार लांबची.

जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी हा इटलीतला पाद्री आणि पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. आवळलेल्या नळ्यांतून पाणी कसं वाहतं यावरचं त्याचं लिखाण 1797 साली पॅरिसात छापलं गेलं. त्याच्या नावाची नळी मात्र पुढं 1880च्या दशकात क्लेमेन्स हर्शेल या अमेरिकन इंजिनिअरनं घडवली, तीही नळातून किती पाणी जातं ते मोजायला. म्हणजे मूळ धंदा पाणी मोजण्याचा. डोळ्याच्या यंत्रात पाण्याच्या जागी दाबाची हवा या गळ्यातून सोडतात. तिच्या ओढीनं एका कडक कॅसेटमध्ये निर्वात तयार होतो आणि डोळ्यातलं पाणी त्या कॅसेटकडे धावतं.

दुसरा पंप पेरिस्टाल्टिक. आतडं घास पुढं ढकलतं त्या हालचालीचं हे ग्रीक नाव. पाहायचं असेल तर धार काढणाऱ्याची बोटं पाहा: वरून दाबत खाली यायचं, दूध पुढं सरकतं, मागं फिरत नाही. इथं बोटांच्या जागी फिरते रोलर आणि सडाच्या जागी मऊ नळी. यंत्राचा स्पर्श आतल्या द्रवाला होत नाही, ही यातली खरी खुबी. म्हणून 1930च्या दशकात मायकेल डिबेकी यांनी असा पंप रक्त चढवण्यासाठी सुधारून घेतला, 1953 साली जॉन गिबन यांच्या हृदय-फुप्फुस यंत्रात रोलर पंप फिरला, आणि आज डायलिसिसच्या खुर्चीशेजारी संथपणे फिरताना दिसतो तो याच घरातला.

दोन्ही घराणी डोळ्यापाशी आली ती नेत्रसर्जन चार्ल्स केल्मन यांच्यामुळे. दंतवैद्याकडं दात साफ करून घेताना अल्ट्रासाउंडची सुई त्यांनी पाहिली आणि 1967 साली तसल्याच सुईनं माणसाच्या डोळ्यातला मोतीबिंदू फोडला. फोडणं जमलं तरी चुरा बाहेर काढायला ओढ हवी, आणि ओढीनं रिकामी होणारी जागा बाटलीतल्या पाण्यानं त्याच क्षणी भरायला हवी. जागा तरी केवढी? बुबुळाच्या पुढची पोकळी जेमतेम पाव मिलिलिटर.

उपशाच्या प्रश्नात आपल्या भागातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पंप बनवणारी किर्लोस्करवाडी 1910 साली औंध संस्थानात वसली. तिथला पंप घेताना शेतकरी दोनच गोष्टी विचारतो: हेड किती, डिस्चार्ज किती. कराडजवळच्या टेंभूला उचललेलं कृष्णेचं पाणी आटपाडीपर्यंत जातं ते या दोन आकड्यांच्या जोरावर. डोळ्यातही हेच दोन आकडे. बाटली साधारण 15 सेंटिमीटर वर चढवली की आतला दाब पाऱ्याच्या 11 मिलिमीटरनं वाढतो. हे झालं हेड. बाहेर जाणाऱ्या पाण्यात मात्र पंपांचं भांडण आहे. पेरिस्टाल्टिकमध्ये सर्जन डिस्चार्ज ठरवतो, ओढ फार वाढते ती सुईच्या टिपेचं तोंड तुकड्यानं बंद झाल्यावर. व्हेंचुरीत तो थेट ओढच ठरवतो. तोंड उघडं असलं तरी ओढ चालूच, आणि लांबचा तुकडाही स्वतःहून चालत येतो. लांबच्या तुकड्यासारखा मोतीबिंदूमागचा नाजूक पडदाही येऊ शकतो, हे शिकाऊ हाताला आधी सांगावं लागतं.

सर्जन ज्याला सर्ज म्हणतात तो प्रकार उसाच्या रसाच्या गाड्यावर समजतो. स्ट्रॉमध्ये लिंबाची बी अडकते, आपण जोर लावतो, बी सुटते आणि रस एकदम घशात येऊन ठसका लागतो. डोळ्यात तुकडा सुटतो तेव्हा नळीत साठलेली ओढ अशीच मोकळी होते. पोकळी क्षणभर खाली बसते आणि केसाहून कितीतरी पातळ असा मागचा पडदा टिपेकडे झेपावतो. नळ्या ताठ का करतात, त्याचं उत्तर हेच.

माझं मत विचाराल तर पिकून तपकिरी झालेला कडक मोतीबिंदू धरून ठेवायला आणि नव्या हाताला पेरिस्टाल्टिक बरा. त्याला कंप्रेसरही लागत नाही, आणि तालुक्याच्या गावी ही किरकोळ गोष्ट नव्हे. डोळ्याच्या मागच्या भागातला चिकट गर कापून काढताना मात्र व्हेंचुरीचा चटकन मिळणारा प्रतिसाद उजवा. रॉबर्ट माखेमर यांनी 1970च्या सुमारास मायामीत ही शस्त्रक्रिया सुरू केली, तेव्हा मदतनीस हातानं सिरिंज ओढून हा गर शोषून घेई. आता काही यंत्रांत दोन्ही पंप एकाच पेटीत नांदतात आणि सॉफ्टवेअर पेरिस्टाल्टिकला व्हेंचुरीसारखं वागायला लावतं. त्यामुळं जुना वाद पूर्वीइतका तिखट राहिलेला नाही. ‘भारी मशीन’ म्हणून जाहिरात करणाऱ्याला मी तरी आधी हे विचारीन, की सर्जनचा हात कुठल्या पंपावर बसला आहे?

शिबिरांतल्या बिनटाक्याच्या हाती शस्त्रक्रियेत यातला एकही पंप नसतो. मोतीबिंदूचा कडक गाभा छेदातून अखंड बाहेर येतो, आणि त्याचा उरलेला मऊ गर सिमको कॅन्युलानं निघतो. या कॅन्युलाच्या एका वाटेनं स्टँडवरच्या बाटलीतलं पाणी आत जातं, दुसऱ्या वाटेचा उपसा सर्जनच्या हातातली सिरिंज करते.