प्रकाशीय वारंवारता-कंगवा : तत्त्व, निर्मिती आणि संदेशवहनातील उपयोग

१. स्वरूप : परस्परांपासून काटेकोर समान अंतरावर असलेल्या अनेक लेसर-रेषांच्या वर्णपटाला प्रकाशीय वारंवारता-कंगवा म्हणतात. मोड-लॉक्ड लेसर फेम्टोसेकंदांचे स्पंद ठरावीक कालांतराने सोडतो. ही स्पंदमाला वर्णपटात अशा रेषांच्या रूपाने दिसते. कोणत्याही रेषेची वारंवारता म्हणजे तिचा क्रमांक गुणिले आवर्तन-वारंवारता (म्हणजे सेकंदाला सुटणाऱ्या स्पंदांची संख्या), अधिक सर्व रेषांना समान असलेले विस्थापन. या दोन राशी कळल्या की सगळ्या रेषा कळतात.

२. मापन : १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सेकंदाला सुमारे १९३ लाख कोटी आंदोलने करतो. ती थेट मोजणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण नाही. आवर्तन-वारंवारता मात्र रेडिओच्या पट्ट्यात येते, म्हणून सहज मोजता येते. विस्थापन मोजण्यासाठी वर्णपट किमान एक सप्तक रुंद, म्हणजे दुप्पट वारंवारतेपर्यंत पोहोचणारा हवा. मग खालची एक रेषा दुप्पट करून दुप्पट क्रमांकाच्या रेषेशी ताडली, की उरणारा फरक हेच विस्थापन. १९९९ मध्ये बेल लॅब्समधील सूक्ष्मरचित तंतूने इतका रुंद वर्णपट मिळवून दिला आणि २००० मध्ये ही पद्धत सिद्ध झाली. जॉन हॉल आणि थिओडोर हेन्श यांना २००५ च्या भौतिकीच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला, त्यात या कामाचा मोठा भाग होता.

३. निर्मिती : प्रयोगशाळेतील मोड-लॉक्ड लेसरांच्या रेषा बहुधा १ गिगाहर्ट्झ किंवा त्याहून कमी अंतरावर असतात, संदेशवहनाच्या वाहिन्यांसाठी ही दाटी फार होते. २००७ मध्ये गार्खिंग येथे सूक्ष्म अनुनादकात एकाच अखंड लेसरपासून कंगवा तयार झाला. अनुनादकात कोंडलेल्या तीव्र प्रकाशाने पदार्थाचा अपवर्तनांक बदलतो. या केर परिणामामुळे नव्या वारंवारता जन्मतात. अनुनादक लहान असल्याने रेषांतील अंतर दहा-शंभर गिगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्त असते. २०१४ मध्ये सॉलिटॉन अवस्था, म्हणजे आकार न बदलता अनुनादकात फिरत राहणारा स्पंद, साधल्यावर असे सूक्ष्म-कंगवे स्थिर व कमी गोंगाटाचे झाले.

४. संदेशवहन : एकाच तंतूतून अनेक तरंगलांब्या पाठवताना प्रत्येकीला एरवी स्वतंत्र लेसर लागतो. हे लेसर आपापल्या परीने सरकतात, म्हणून वाहिन्यांमध्ये मोकळी जागा सोडावी लागते. कंगव्यात रेषांमधले अंतर बांधलेले असल्याने ही जागा कमी करता येते. त्याचा आणखी खोल फायदा २०१५ मध्ये सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने दाखवला. तंतूमध्ये हाच केर परिणाम वाहिन्यांना एकमेकींत मिसळतो. वाहिन्यांच्या वाहक लहरींचे परस्परसंबंध कंगव्यामुळे पक्के असतील, तर ही विकृती आधीच गणून भरून काढता येते. २०१७ मध्ये दोन एकमेकांत गुंफलेल्या सूक्ष्म-कंगव्यांच्या १७९ वाहक लहरींवरून ७५ किलोमीटर अंतरावर सेकंदाला ५० टेराबिटहून अधिक माहिती गेली. २०२२ मध्ये एका चिपवरील कंगव्याने ३७ गाभ्यांच्या ७.९ किलोमीटर तंतूतून सेकंदाला १.८४ पेटाबिटचा वेग गाठला.

५. मर्यादा आणि निष्कर्ष : अनुनादकाला प्रकाश पुरवणाऱ्या पंप-लेसरची शक्ती शेकडो रेषांत वाटली जाते, त्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला थोडीच येते, ती वाढवणारा वर्धक गोंगाटही मिसळतो. कंगवा प्रकाशीय घड्याळासाठी वापरायचा तर आवर्तन-वारंवारता आणि विस्थापन या दोन्ही राशी स्थिर हव्यात. संदेशवहनाचे काम मात्र मुख्यतः रेषांमधल्या स्थिर अंतरावर भागते. म्हणून या क्षेत्रात विस्थापन मोजण्यासाठी लागणाऱ्या सप्तकभर रुंदीचा अट्टहास अनावश्यक आहे. कंगव्याची योग्यता किती रेषा मिळाल्या यावर न ठरवता, प्रत्येक रेषेला किती शक्ती मिळाली आणि ती किती स्वच्छ आहे यावर ठरवली पाहिजे.