तुर्भ्याच्या बाजारातील सफरचंदाचे कूळ

क्रॉफर्ड मार्केटातील घाऊक फळबाजार १९९६ साली खाडी ओलांडून तुर्भ्यास आला, तेव्हा आडत्यांचे गाळे आणि हमालांच्या हातगाड्या यांबरोबरच सफरचंदाची एक जुनी वर्गवारीही नवी मुंबईत दाखल झाली. माल काश्मीरचा की सिमल्याचा, डिलिशस की गोल्डन, फळ मोठे की बारीक, एवढ्यावर पेटीचा भाव मुक्रर होतो. शास्त्रज्ञांची वर्गवारी याहून निराळी खरी. परंतु तिच्या इतिहासातही बागाइतदाराच्या अनुभवाने एकदा मोठा निवाडा केलेला आहे.

लिनियस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली सफरचंदास नासपतीच्या ‘पायरस’ प्रजातीत घातले. लंडनजवळच्या चेल्सी येथील औषधी उद्यानाचा मुख्य माळी फिलिप मिलर याने मात्र दुसऱ्याच वर्षी त्यासाठी ‘मॅलस’ ही स्वतंत्र प्रजाती मांडली, कारण सफरचंद आणि नासपती यांची कलमे परस्परांवर नीट जीव धरीत नाहीत, हे त्याच्या हातांस ठाऊक होते. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांनी सिद्ध केलेल्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’त सफरचंद ‘पायरस’मध्येच राहिले; एका जाणत्या माळ्याचा शब्द विद्वानांच्या दफ्तरात इतका काळ पडून राहावा, याची खंत वाटते.

बागाइतदारांच्या अनुभवातून आलेले असेच एक सदर म्हणजे क्रॅब ॲपल; ती तर वनस्पतिशास्त्राने मानलेली एक जातही नव्हे. ‘मॅलस’ प्रजातीतील ज्या झाडाचे फळ सुमारे दोन इंचांहून मोठे होत नाही, अशा सर्वांना बागाइतदार त्या एकाच सदरात घालतात. हिमालयातील ‘मॅलस बकाटा’ त्यांपैकीच. त्याचे बोराहूनही लहान, आंबट फळ तुर्भ्याच्या लिलावात येत नाही, पण तेथे उतरणाऱ्या पेट्यांवर या कुळाचे ऋण मोठे आहे. सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी १९१६ च्या सुमारास सिमल्याच्या मुलखात, कोटगढास, रुजविलेले डिलिशस स्वतःच्या परागावर पुरेसे फळ धरीत नाही; म्हणून त्याच्या ओळींमधून, त्याच सुमारास फुलणाऱ्या इतर वाणांबरोबर, क्रॅबची झाडेही लावतात आणि मधमाशांकरवी परागाची देवघेव घडवितात. शिवाय बियांपासून वाढविलेल्या क्रॅबच्या रोपांवर त्या पहाडांत पूर्वापार कलमे बांधली गेली. अलीकडे इंग्लंडातील ईस्ट मॉलिंग येथे निवडलेले ठेंगणे खुंट ही जागा घेऊ लागले आहेत. परागासाठी मात्र क्रॅबची लागवड बागांतून अजून होत असते.