तराजूच्या दुसऱ्या पारड्यात

कुंभकोणमच्या महामहम तलावाला चारी बाजूंनी दगडी पायऱ्या आहेत आणि काठावर सोळा लहान मंडप. दर बारा वर्षांनी माघी पौर्णिमेच्या सुमारास इथे लाखो लोक स्नानाला येतात. मधली वर्षे हे मंडप सावलीला टेकणाऱ्यांचे. तंजावरच्या नायक राजांचा मंत्री गोविंद दीक्षित याने ते बांधवले असे सांगतात. त्यांतल्या एकाच्या छताला तुलापुरुषदानाचे शिल्प आहे. एका पारड्यात राजा बसायचा, दुसऱ्यात त्याच्या भारंभार सोने ठेवायचे आणि मग ते दान करायचे. अशाच एका तुलेच्या सोन्यातून हे मंडप उभे राहिले, अशी इथली परंपरा आहे.

मान वर करून ते शिल्प पाहताना मला ख्रिस्ती शुभवर्तमानातला एक प्रश्न आठवला. तोही तराजूचाच आहे. फक्त तिथे सोन्याऐवजी सगळे जग एका पारड्यात ठेवले आहे, आणि दुसऱ्या पारड्यात राजा नसून कुणीही एक माणूस आहे.

मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही तो प्रश्न नोंदवला आहे. आपल्याला छळ आणि मरण सोसावे लागणार, असे येशूने नुकतेच शिष्यांना सांगितलेले असते. पेत्र त्याला बाजूला घेऊन समजावू पाहतो. त्यानंतर येशू विचारतो, की अवघे जग हाती आले आणि त्यापायी माणूस स्वतःलाच हरवून बसला, तर त्या व्यवहारात त्याच्या पदरी काय पडले? मूळ ग्रीकमधले शब्द बाजारातले आहेत: नफा, तोटा, मोबदला. ज्या शब्दाचा अर्थ आपण ‘आत्मा’ असा लावतो तो ‘प्सिखे’ हा शब्द मात्र दुहेरी आहे; त्यात प्राणही आला आणि आत्माही. प्रचलित मराठी बायबलात इथे ‘जीव’ हा शब्द येतो, आणि मला तो फार नेमका वाटतो. आपण जीव देतो, जीव लावतो, जीव वाचवतो, आणि जीव मुठीत धरून पळतोही. प्रश्न मरणानंतरच्या हिशेबापुरता नाही. आज, जिवंतपणी, काय विकायचे आणि काय नाही याचाही आहे.

कुंभकोणम 1899 पासून कॅथलिक धर्मप्रांताचे ठाणे आहे. तेव्हा तो पाँडिचेरीच्या महाधर्मप्रांतातून वेगळा काढण्यात आला. पण या प्रश्नाची मला ठाऊक असलेली सर्वांत बोलकी कहाणी त्याच्या शंभर वर्षे आधीची आहे, प्रॉटेस्टंटांची आहे, आणि तिच्यात मराठी माणसे पदोपदी भेटतात. याचे नवल वाटू नये. व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत या कावेरीच्या खोऱ्यावर भोसल्यांचे राज्य होते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झालेले टी. माधवराव 1828 साली कुंभकोणमलाच जन्मले.

कहाणीच्या मध्यभागी एक जर्मन पाद्री आहे. ख्रिस्तियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ 1750 मध्ये डॅनिशांच्या तरंगंबाडीला उतरला, पुढे तिरुचिरापल्लीला आणि मग तंजावरला राहिला, आणि 1798 मध्ये तंजावरलाच वारला. अठ्ठेचाळीस वर्षांत तो एकदाही मायदेशी गेला नाही. 1779 मध्ये मद्रासच्या गव्हर्नराने त्याला हैदरअलीकडे श्रीरंगपट्टणला बोलणी करायला पाठवले. निघताना हैदरने वाटखर्चासाठी 300 रुपये दिले. श्वार्ट्झने ते मद्रास सरकारच्या हवाली केले; सरकारने ते त्यालाच ठेवायला सांगितले, तेव्हा त्याने तंजावरच्या अनाथ मुलांच्या शाळेच्या निधीला त्यांतून सुरुवात केली. पुढे हैदरच्या स्वारीत तंजावर किल्ल्यात धान्य संपत आले. बाहेर धान्य होते, पण आणायला बैल नव्हते, कारण दरबाराच्या किंवा कंपनीच्या शब्दावर शेतकऱ्यांचा भरवसा उरला नव्हता. पैसे मिळतील असा शब्द श्वार्ट्झने दिला, आणि दोनतीन दिवसांत सुमारे हजार बैल गोळा झाले. ज्याला काही नको असते, त्याच्या शब्दाला अशी पत येते.

इथेच थांबलो तर ही संतचरित्रातली गोष्ट होईल. पण कुंभकोणमहून जेमतेम दोन कोसांच्या पलीकडे तिरुविडैमरुदूर आहे, ज्याला आपले लोक मध्यार्जुन म्हणत. तिथे या गोष्टीची दुसरी बाजू राहत होती. 1787 मध्ये तुळजाराजे वारले. मरणापूर्वी त्यांनी सरफोजीला दत्तक घेतले होते आणि त्याचा सांभाळ करण्याची विनंती श्वार्ट्झला केली होती. गादीवर मात्र तुळजांचे सावत्र भाऊ अमरसिंह बसले, आणि त्या वेळी श्वार्ट्झचेही मत त्यांच्या बाजूने पडले. पुढे त्याला तो निर्णय चुकीचा वाटला. सरफोजीचा हक्क कंपनीने मान्य करावा म्हणून त्याने खटपट केली. 1798 मध्ये अमरसिंह पदच्युत होऊन मध्यार्जुनाला जाऊन राहिले. सरफोजी राजे झाले, आणि 1799 च्या तहाने राज्याचा सगळा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, मानमरातब आणि तनखा उरला. श्वार्ट्झने स्वतःसाठी एक पैही घेतली नाही, हे खरेच. पण मध्यार्जुनाच्या वाड्यातून पाहिले असते, तर त्या निःस्पृह माणसाच्या पतीवर दुसऱ्याच कुणाला एक अख्खे राज्य मिळाले, असेच दिसले असते. जगाचा मोह सोडलेला माणूस जगाच्या व्यवहारातून सुटतोच असे नाही.

तरी एक गोष्ट त्याच्या खाती जमा धरायला हवी. राजघराण्यातला पोरका मुलगा त्याच्या हाताखाली वाढत होता, आणि एक राजा ख्रिस्ती झाला असता तर त्या काळच्या मिशनच्या दृष्टीने त्याहून मोठे यश नव्हते. तसे झाले नाही. सरफोजी अखेरपर्यंत हिंदू राहिले, काशीयात्रा करून आले, आणि आपल्या गुरूसाठी त्यांनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले. ते आजही तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये आहे: मृत्युशय्येवरचा पाद्री आणि त्याचा हात धरून उभा असलेला मराठा राजा.

याच श्वार्ट्झच्या दारातून एक मराठी बाई दीर्घकाळ परत पाठवली गेली होती. ती तंजावरच्या मराठी ब्राह्मण घरातली विधवा; तिचे नाव कोकिळा असल्याचे सांगतात. लिटलटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिला सती जाण्यापासून वाचवले अशी कथा आहे. ती त्याच्याबरोबर राहू लागली आणि त्याच्याकडूनच ख्रिस्ती धर्माविषयी शिकली. तिने बाप्तिस्मा मागितला, तेव्हा लग्नावाचून एकत्र राहता म्हणून श्वार्ट्झने नकार दिला. तिच्या जातीने तिला टाकले होते आणि चर्च तिला आत घेत नव्हते. लिटलटनच्या मृत्यूनंतर, 1778 मध्ये, पाळयंकोट्टै इथे श्वार्ट्झने तिला बाप्तिस्मा दिला आणि ती क्लॅरिंडा झाली. तिने स्वतःच्या खटपटीने तिथे लहानसे चर्च बांधवले. 1785 मध्ये श्वार्ट्झनेच त्याचे समर्पण केले. तिरुनेलवेलीतली प्रॉटेस्टंट मंडळी तिच्याभोवती उभी राहिली. जगाच्या पारड्यात जे जे म्हणून ठेवतात, म्हणजे घर, जात, अब्रू, नवऱ्यामागचा आधार, ते सगळे गमावलेल्या बाईने हे केले. पण लोकांनी त्या चर्चला नाव दिले ‘पाप्पात्ती अम्माळ कोविल’, म्हणजे बामणबाईचे देऊळ. जी जात तिने सोडली, किंवा जिने तिला सोडले, तीच तिच्या चर्चच्या दारावर येऊन बसली.

या नावात मला पुढच्या सगळ्या भांडणाची चाहूल लागते. कारण तिसरा माणूस आहे वेदनायक शास्त्री. 1774 मध्ये तिरुनेलवेलीकडे जन्मलेल्या या वेळ्ळाळ मुलाला श्वार्ट्झने बारा वर्षांचा असताना तंजावरला आणले. सरफोजी आणि तो एकाच गुरूचे शिष्य. तो मोठा तमिळ ख्रिस्ती कवी झाला; ‘बेथलेहेम कुरवंजी’ हे त्याचे गाजलेले काव्य. सरफोजीने राजा झाल्यावर या गुरुबंधूला आश्रय दिला. परंपरा अशी, की बृहदीश्वरावर असेच एक कुरवंजी रच, मोठे पारितोषिक देईन, असे राजाने सांगितले आणि शास्त्रींनी ते नाकारले. आश्रयदाता राजा, तोही बालमित्र, आणि मागणी फक्त एका काव्याची. शुभवर्तमानातला प्रश्न इतक्या थेट रूपात फार थोड्यांच्या वाट्याला येतो. शास्त्रींनी त्याचे उत्तर दिले आणि ते त्यांना महाग पडू शकले असते.

याच शास्त्रींनी 1829 मध्ये दुसरे काही लिहिले. नवे इंग्रज पाद्री चर्चमधली जातवार बैठक मोडू पाहत होते. श्वार्ट्झच्या काळापासून तंजावरच्या चर्चमध्ये वेळ्ळाळ एका बाजूला आणि परैयर दुसऱ्या बाजूला बसत. श्वार्ट्झने ते चालू दिले होते. नव्या पाद्र्यांनी सगळ्यांना एकत्र बसवायला, लग्नातली फुले आणि वाद्ये बंद करायला सुरुवात केली, तेव्हा शास्त्रींनी जुन्या रिवाजाच्या बाजूने तक्रार मांडली. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. फुले आणि वाद्ये म्हणजे मूर्तिपूजा नव्हे, आणि परदेशी माणसाने आपल्या रीतीलाच धर्म समजावे, हे त्यांना टोचले तर नवल नाही. पण फुलांच्या बरोबर त्यांनी वेगळी बैठकही वाचवू पाहिली. 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमध्ये जातिभेद अजिबात चालणार नाही, असे परिपत्रक काढले. तंजावरच्या अनेक वेळ्ळाळ कुटुंबांनी ती मंडळी सोडली, आणि 1840 नंतर आलेल्या जर्मन ल्युथरन पाद्र्यांकडे पुष्कळजण गेले. जातीच्या बाबतीत ते सबुरीने घेत.

राजाचे पारितोषिक नाकारणे शास्त्रींना जमले. शेजारच्या चटईवरच्या माणसाला आपल्या बरोबरीचा मानणे जमले नाही. मी त्यांना दोष देण्याच्या स्थितीत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जाऊन पाहिले तर पाणवठा, स्मशान आणि मंदिर यांची हीच गोष्ट सापडते, आणि तिथे बचावाला बायबलही नसते. पण या कहाणीने मला तो प्रश्न वेगळा वाचायला शिकवले. आपण समजतो, की जग म्हणजे पैसा, पद, राजाची मर्जी. ते ओळखून नाकारता येते, कारण ते बाहेरून येते आणि आपली किंमत सांगते. जात मात्र किंमत सांगत नाही; ती आपलीच हाडे असल्यासारखी वाटते. म्हणून सोने असलेले पारडे झुगारणारा माणूसही तिला दुसऱ्या पारड्यात, स्वतःच्या जिवाबरोबर, ठेवून घेतो. याला मराठीत नेमका शब्द आहे: मापात पाप. एका जिवाची किंमत साऱ्या जगाहून अधिक, असे एकदा मान्य केले, की मग दोन जिवांमध्ये कमी-जास्त करायला वजनच शिल्लक राहत नाही.

हा जुना इतिहास नव्हे. कुंभकोणम धर्मप्रांतातल्या कोट्टपाळयम या गावच्या दलित ख्रिस्ती लोकांनी चर्चच्या कारभारात आणि उत्सवात आपल्याला दूर ठेवले जाते, अशी तक्रार न्यायालयात नेली. 2025 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अर्जावर नोटीस काढली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. माझ्या लक्षात राहते ते एवढेच, की आपल्या जिवाचे मोल विचारायला या माणसांना चर्चबाहेर, न्यायालयात जावे लागले.

महामहमच्या मंडपातला तराजू एका राजाला तोलतो, आणि तो दगडात असल्यामुळे चारशे वर्षे समतोल आहे. बाकी तराजू माणसांच्या हातात असतात. तंजावर, पाळयंकोट्टै आणि कुंभकोणमच्या या माणसांनी ते हाती घेतले तेव्हा कुणी राजाचे सोने परत केले, कुणी घर गमावून चर्च बांधले. पण शेजारी कोण बसणार हे ठरवायची वेळ आली, की हात थरथरला. मंडपातून खाली उतरलो तेव्हा पायऱ्यांवर माणसे बसली होती. कोण कुठल्या पायरीवर, याची त्या दुपारी कुणी विचारपूस करत नव्हते.